निवृत्त लेव्याची जागा
शास्त्रपाठ : गणना ८:२३–२६

नोकरींतून निवृत्त होण्याविषयीं शास्त्रांत फार थोडें सांगितलें आहे. पण जें आहे तें नीट वाचण्यासारखें आहे. लेव्यानें २५ व्या वर्षीं दर्शनमंडपाच्या सेवेंत यावें व ५० व्या वर्षीं मोकळें व्हावें, असा नियम मोशेला मिळाला. कारण उघड आहे. मंडप ठिकठिकाणीं वाहून न्यावा लागे. गेर्षोनी व मरारी यांस गाड्या होत्या, परंतु कहाथींस पवित्र वस्तु खांद्यावरच घ्याव्या लागत. उतारवयांत हें ओझें नको. मात्र नियम तेथें संपत नाहीं. निवृत्त लेव्यानें जड सेवा करूं नये, पण मंडपापाशीं आपल्या भावांस साह्य करावें व राखण करावी, असें पुढें आहे.

आमच्या मंडळ्यांत काय दिसतें? शहरांत नोकरी करून कोणी भाऊ ५८ व्या किंवा ६० व्या वर्षीं गांवीं परततो. पेन्शन आहे, लिहितांवाचतां येतें, असें पाहून पहिल्याच महिन्यांत खजिनदारी, शब्बाथशाळा व मंदिराच्या डागडुजीची वर्गणी त्याच्या गळ्यांत पडते. नाहीं तर त्याच्या ओट्यावर कोणी जाऊन बसतच नाहीं. हा दुसरा प्रकार आम्हांस अधिक घातक वाटतो. ज्याला लोक त्याच्या हुद्द्यानें ओळखीत, त्याला आतां आपण कोण असें वाटूं लागतें, आणि हें तो प्रार्थनासभेंत उठून सांगत नाहीं. (शेतमजूर बांधवास निवृत्तीची तारीखच नसते, आणि चुलीपुढील भगिनीस कोण निवृत्त करणार?)

रेव्हरंड टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हां ते ५५ वर्षांचे होते. १९१९ सालीं ते वारले. हें उदाहरण थोर खरें, पण थकून आलेल्या प्रत्येक भावापुढें तें ठेवूं नये.

उपदेशकांनीं प्रथम त्याच्या घरीं जावें, आणि कांहीं न मागतां जावें. राखणीचें काम मागाहून शोधावें : बाप्तिस्म्यांची जुनी नोंदवही लावणें, आजाऱ्यापाशीं बसणें, तरुण उपदेशकाचा उपदेश ऐकून एकांतांत खरें तें सांगणें, नोव्हेंबरांत वृद्ध पेन्शनरांस हयातीच्या दाखल्यासाठीं बँकेंत नेणें. मुदत एक वर्षाची असावी. वर्ष सरल्यावर पाळकांनीं पुन्हां विचारावें. तो नको म्हणाला, तरी त्याच्या ओट्यावर जाणें सोडूं नये.