जुनी तबकडी, नवी सुई

(जुने रेकॉर्ड प्लेअर आणि जुन्या रेकॉर्डी आजही लोक हौसेने विकत घेतात. त्या घेताना काय पाहावे, कशा वाजवाव्यात आणि कशा जपाव्यात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, दादा-दादींच्या किंवा नाना-नानींच्या घरी कधी कधी माळ्यावर एखादी जुनी पेटी असते. तिच्यात काळ्या, गोल तबकड्या सापडतात. कव्वाली, गझल, नाट्यगीत, चित्रपटगीत असे काहीही त्यांवर असू शकते. कोणी म्हणते, "रद्दीवाल्याला देऊन टाका." कोणी म्हणते, "आत्ताच लावून बघू या." या दोन्ही गोष्टींची घाई करू नये.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचा आवाज तबकडीवर उतरवला गेला. तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांत गाणे संपवावे लागे. गाण्याच्या शेवटी गौहर जान आपले नाव मोठ्याने सांगत. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरात तयार होऊन भारतात येत. गौहर जान १९३० साली वारल्या. पण कोणीतरी तबकड्या जपून ठेवल्या, म्हणून त्यांचा आवाज आपण आजही ऐकू शकतो. जुनी सगळीच गाणी पुढे कॅसेटवर किंवा सीडीवर आली नाहीत. अशा गाण्यांची तबकडी खराब झाली, तर गाणेही गेले.

त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत. त्या मिनिटाला ७८ फेरे घेत आणि हातातून पडल्या की फुटत. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची लाँग प्ले तबकडी आली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि तिची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक वाजू शकते. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी निघाली. फेऱ्यांचा आकडा बहुधा तबकडीच्या मधल्या कागदावर छापलेला असतो. तो आधी वाचावा.

तबकडीवर पुष्कळ गोल रेषा दिसतात. खरे तर एका बाजूला बहुधा एकच लांब खाच असते. ती बाहेरून आत वळत जाते. वीस मिनिटांत तबकडी सुमारे ६६७ फेरे घेते, म्हणजे सुई खाचेतून चारशे मीटरपेक्षा जास्त प्रवास करते. खाचेच्या भिंती नागमोडी असतात. त्यांवरून जाताना सुई थरथरते आणि या थरथरण्यातून आवाज तयार होतो. सुई झिजलेली असेल, तर ती खाचेच्या भिंती खरवडते. प्रत्येक वेळी थोडा थोडा आवाज कायमचा पुसला जातो.

म्हणून जुने यंत्र घेताना त्याच्या चकाकीला भुलू नये. सुई कोणती आहे आणि तशी नवी सुई बाजारात मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारावे. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. जुन्या यंत्रातील सुई किती तास वाजली, हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा ती बदलणेच बरे.

मग वेग तपासावा. थाळीच्या कडेला कागदाचा लहान तुकडा चिकटवावा आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत. ३३⅓ च्या वेगाने तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. कमी झाले, तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असू शकतो. तो बदलता येतो.

घरी आणल्यावर यंत्र सपाट, न हलणाऱ्या मेजावर ठेवावे. सुईचा दाब तिच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे ठेवावा. आजच्या पुष्कळ सुयांना दीड ते अडीच ग्रॅम दाब पुरतो. दाब फार कमी ठेवला, तरी सुई खाचेत उड्या मारते आणि नुकसान करते. सुईतून येणारी वीज फार क्षीण असते. त्यामुळे फोनो-प्रीॲम्प्लिफायर लागतो. काही यंत्रांत तो आतच बसवलेला असतो.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. चावीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइलची तबकडी लावू नये. त्याची जड पोलादी सुई ती एकदाच वाजवून नासवते. तसेच लाँग प्लेच्या बारीक सुईने ७८ ची तबकडी वाजवू नये. तिची खाच रुंद असते व तिला वेगळी, जाड सुई लागते.

तबकडी नेहमी कडेला धरावी. वाजवण्यापूर्वी मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धूळ काढावी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. तबकड्या एकीवर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. उन्हात ठेवल्यास व्हिनाइल वाकते.

नवी सुई बाजारात पुन्हा विकत घेता येते. घासलेली खाच मात्र पुन्हा भरून येत नाही. आधी सुई, मग गाणे, एवढे लक्षात ठेवले, तर माळ्यावरच्या पेटीतले आवाज आपल्या नंतरच्या मुलांनाही ऐकता येतील.

शब्दार्थ
तबकडी – गोल, चपटी वस्तू, रेकॉर्ड
लाख – झाडावरील किड्यांपासून मिळणारा चिकट पदार्थ
खाच – कोरलेली बारीक रेघ
नागमोडी – सापासारखी वळणावळणाची
क्षीण – कमजोर

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गौहर जान गाण्याच्या शेवटी काय सांगत?
(आ) लाखेच्या तबकडीला स्पिरिट का लावू नये?
प्र. २. झिजलेल्या सुईमुळे तबकडीचे नुकसान कसे होते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
प्र. ३. ४५ फेऱ्यांची तबकडी तीन मिनिटांत किती फेरे घेईल?
प्र. ४. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीच्या गाण्यांविषयी विचारा व पाच वाक्ये लिहा.