पवित्र शास्त्रातील भावी माता व त्यांची श्रद्धा



‘घाबरू नकोस, देवावर विश्वास ठेव,’ असे आपण गरोदर स्त्रीला सहज सांगतो. सांगण्यामागे माया असते. पण त्यामुळे आपल्याला भीती वाटते म्हणजे आपली श्रद्धा उणी आहे, असे तिला वाटू शकते. पवित्र शास्त्रातील माता काय सांगतात, ते आज आपण पाहू या.

रिबका : विवाहानंतर २० वर्षे तिला मूल नव्हते. इसहाकाने पत्नीसाठी प्रार्थना केली (पतींनी याची नोंद घ्यावी!) आणि तिला दिवस गेले. पोटातली जुळी एकमेकांशी झगडू लागली तेव्हा मात्र ती हवालदिल झाली. असे असेल तर जगायचे तरी कशाला, इथवर तिचे मन गेले. तोच प्रश्न घेऊन ती परमेश्वराकडे गेली (उत्पत्ती २५:२२). देवाने तिला दटावले नाही, उत्तर दिले. आपले गाऱ्हाणे देवापुढे नेणे हीदेखील प्रार्थनाच आहे.

हन्ना : हिचा प्रसंग गर्भधारणेच्या आधीचा आहे. मूल नाही म्हणून सवत तिला टोचून बोलत असे. शिलो येथे ती रडत रडत मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ही दारू प्यायली आहे, असे याजक एलीला वाटले. आम्हा धर्मगुरूंना हा प्रसंग अंतर्मुख करतो, कारण घाईने मत बनवण्याची चूक आमच्याही हातून होते. एलीने तिचे ऐकून घेतले आणि तिला आशीर्वाद दिला. मग ती जेवली व तिचे मुख पुन्हा म्लान राहिले नाही (१ शमुवेल १:१८). लक्षात घ्या, शमुवेल अजून तिच्या उदरात नव्हता. बाळाच्या आधी तिला शांती लाभली. म्हणून ज्या भगिनींचा पाळणा रिकामा आहे किंवा ज्यांचे बाळ गर्भातच गेले, त्यांची श्रद्धा कमी पडली, असे कोणीही म्हणू नये.

एलिझाबेथ आणि मरिया : उतारवयात गर्भवती झालेली एलिझाबेथ पाच महिने लोकांपासून दूर राहिली. पती जखऱ्या मुका झालेला. वांझपणाचे बोल तिने वर्षानुवर्षे सोसले होते. इकडे नाझरेथमध्ये मरियेचे वाङ्निश्चय झाले होते, पण ती अजून योसेफाच्या घरी नांदायला गेली नव्हती. हे कसे होईल, असे तिने देवदूताला विचारले आणि मग होकार दिला. त्यानंतर ती यहुदियाच्या डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली. ही वाट शंभराहून अधिक किलोमीटरची! एलिझाबेथने तिची उलटतपासणी केली नाही. दारातच तिला धन्य म्हटले. मरियेचे स्तोत्र त्या घरात उमटले. ती तिथे सुमारे तीन महिने राहिली (लूक १:३९-५६).

या चौघींनी भीती, अश्रू आणि प्रश्न लपवले नाहीत, ते देवापुढे ठेवले. श्रद्धा ती हीच. पण हन्नेला ऐकून घेणारा याजक लागला आणि मरियेला एलिझाबेथचे घर लागले. आज ते घर आपल्या धर्मग्रामाने व्हायला हवे. ‘मुलगा की मुलगी’, ‘अजून काही नाही का?’ असे प्रश्न तिथे नसावेत. प्रसूतीपूर्वी मातेला आशीर्वाद देण्याचा विधी ख्रिस्तसभेत आहे. इच्छुक दांपत्यांनी मिस्सानंतर आम्हाला जरूर भेटावे.

चिंतनासाठी :
१. आपल्या घरातील गरोदर स्त्रीला तिची भीती मोकळेपणाने बोलता येते का?
२. आपल्या बोलण्याने एखादी हन्ना दुखावली आहे का?
३. या आठवड्यात आपण कोणाच्या घरी मरियेसारखे मदतीला जाऊ?

पवित्र मरिया सर्व भावी मातांसाठी विनंती करो. आमेन.