ईसीएमला हात लावण्याआधी

बाबू, जुन्या डिझेल गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, घरीच वाचून त्यात बदल करायचं तुझ्या मनात आहे. शिक, जरूर शिक. आपल्या तळेगावातून मोठं वर्कशॉप गाठायचं तर नागपूर नाही तर अमरावती. हे काम समजणारा माणूस गावात हवाच. पण एवढं पक्कं धर, सेन्सर जे सांगतील त्याच्याच भरवशावर ईसीएम डिझेल किती आणि कधी सोडायचं ते ठरवतो. सांगणाराच चुकत असेल तर ईसीएममध्ये कितीही फेरफार कर, गाडी सुधारणार नाही. म्हणून बघणं आधी, बदलणं शेवटी.

स्कॅनर सकाळी लाव. 16 पिनांचं सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खालीच असतं. गाडी रात्रभर उभी राहिली असेल तर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. दोन्हींत मोठा फरक असला तर एक सेन्सर खोटं बोलतोय. कूलंट उणे 40 अंश दाखवत असेल तर बहुतेक वेळा त्याची वायर तुटलेली किंवा कपलर निघालेला असतो. आणि स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड पुसण्याआधी वहीत लिहून घे. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि तापमान साठवलेलं असतं. पुसलं की तेही जातं.

बॅटरी आणि अर्थ तपास. बंद गाडीत चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत 14 च्या आसपास. मग मीटरची एक पिन इंजिनाच्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारायला सांग. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा ढिली आहे. एका खराब अर्थमुळे पाच-सहा वेगवेगळे कोड येतात आणि माणूस उगाच सेन्सर बदलत बसतो.

उंदरांना विसरू नको. आपल्याकडे गाडी गोठ्याशेजारी नाही तर सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभी असते, आणि उंदीर वायरी कुरतडतात. नव्या गाड्यांत कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरी स्कॅनरच्या सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर येतात. बॅटरी काढून त्या दोघींमध्ये ओहम मोज. सुमारे 60 आले तर लाईन धड आहे. 120 आले तर कुठेतरी वायर तुटली आहे किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेला आहे.

काही गोष्टी कधीच करायच्या नाहीत. टेस्ट लॅम्पने ईसीएमच्या वायरी तपासू नको, बल्ब जास्त करंट ओढतो आणि आतला भाग जळू शकतो. डिजिटल मीटरच वापर. वायरीला सुई टोचू नको, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. पिवळ्या कपलरला हात नको, तो बहुधा एअरबॅगचा असतो. इंजिन चालू असताना इंजेक्टरचा पाईप सैल करू नको. कॉमन रेलमध्ये 1600 बारपर्यंत दाब असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. वेल्डिंगआधी बॅटरी सोडव. हायवेवर बॅटरी बसली तर मोठ्या ट्रकवरून जम्प घेऊ नको. त्यांची सिस्टीम 24 व्होल्टची असते, आपली 12 ची.

आता वाचणं. आधी ईसीएमच्या लेबलवरचे सगळे नंबर लिही. मग ईसीएममधली मूळ फाईल दोनदा वाच आणि दोन्ही प्रती जुळतात का ते बघ. जुळल्या नाहीत तर पुढे जाऊ नको. जुळल्या तर दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेव. लिहिताना बॅटरीला स्थिर चार्जर हवा आणि लॅपटॉप पूर्ण भरलेला. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीएम अर्धवट लिहिला जातो आणि गाडी सुरूच होत नाही. भंगारातला ईसीएम बसवून सुटका होईल असं समजू नको, चावीची ओळख त्याच्या आत असते.

फाईलमध्ये बदल शिकायचे ते टेबलावरच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली तर काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो, टर्बो आणि पिस्टनवर ताण पडतो. कंपनीने जी मोकळीक सोडलेली असते ती मे महिन्यातल्या दुपारसाठी, भरलेल्या गाडीसाठी आणि चढणीसाठीच असते. गरम हवा विरळ असते, हे आपल्या भागात विसरून चालत नाही. मूळ फाईलवर गाडी कशी ओढते ते तपासायचं तर जवळच्या सत्याग्रही घाटाची चढण पुरेशी आहे. गाडी दुसऱ्याने चालवायची, स्क्रीन तू बघायची, वेग कायद्यातला ठेवायचा.

पेट्रोल गाडी आली तर ई20 लक्षात ठेव. शुद्ध पेट्रोलला हवा सुमारे 14.7 पट लागते, 20 टक्के इथेनॉल मिसळलं की सुमारे 13.5 पट. म्हणून ईसीएम थोडं जास्त पेट्रोल सोडतो आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम वर चढलेला दिसतो. थोडा चढला तर तो दोष नव्हे.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी मनाने बदलता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) किंवा धुराचा फिल्टर सॉफ्टवेअरमधून बंद करून दे म्हणणारे येतील, त्यांना सरळ नाही म्हण. तो धूर रस्त्याकडेच्या शाळेतली पोरं ओढतात. प्रयोग करायचेच तर भंगारातून आणलेल्या ईसीएमवर टेबलावर कर. वाचणं, लिहिणं, फाईल समजणं सगळं तिथे शिकता येतं. रस्त्यावरच्या गाडीत मात्र मूळ फाईलच राहू दे. आणि दुसऱ्याने छेडलेली गाडी तुझ्याकडे आली, तर मालकाला आधी स्पष्ट सांग, मगच पाना उचल.