लेकुरवाळे कीर्तन

कीर्तनाचा अभ्यास करताना आपण वीणेकरी, टाळकरी, मृदंगी यांचा विचार करतो. चाल कोठे उचलावी, प्रमाण कोठे द्यावे, गजर किती चालवावा, हे शिकवले जाते. श्रोत्याचा विचार त्यामानाने थोडा होतो. आणि जो श्रोता चार वर्षांचा आहे, किंवा अजून आईच्या पदराखाली आहे, त्याची आठवण बहुतेक एकाच वेळी होते : तो रडू लागला म्हणजे. मग चार माना मागे वळतात, कोणीतरी म्हणते, "वं बाई, लेकराला बाहेर घेऊन जाय," आणि ती माउली उठते. मूल शांत होते, पण तिचे कीर्तन त्या दिवसापुरते संपते. पहिले मूल, दुसरे, तिसरे, असे करता करता आठ-दहा वर्षे तिने कीर्तन ऐकले ते मंडपाच्या कनातीबाहेरून. हा पाठ तिच्यासाठी आणि तिच्या लेकरासाठी आहे. वाचायचा मात्र सप्ताहाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी.

आधी दाखला पाहू. तेरच्या गोरोबाकाकांची कथा महिपतींनी भक्तविजयात सांगितली आहे आणि आपण ती शेकडो वेळा ऐकली आहे. बाई पाण्याला जाते, जाताना लेकरू नवऱ्यावर सोपवते. काका चिखल तुडवीत नामात रंगलेले. मूल रांगत पायाशी येते आणि चिखलात तुडवले जाते. पुढे व्रत, हात तोडून घेणे, हे सर्व होते आणि कथा पंढरपुरास नामदेवरायांच्या कीर्तनात येऊन पोहोचते. तेथे काकांना हात फुटतात, आणि ते गेलेले मूल श्रोत्यांमधून रांगत आईकडे येते.

या कथेवर निरूपण करताना आपला भर काकांच्या तल्लीनतेवर असतो. तो योग्यच आहे. पण आज कथेतल्या दोन गोष्टींकडे बोट दाखवावेसे वाटते. एक, त्या वेळी मूल सांभाळण्याचे काम बापाकडे होते. दुसरी, मूल परत मिळाले ते भर कीर्तनात. बाहेर ओट्यावर नाही, बिऱ्हाडी नाही. माणसे दाटून बसली आहेत, टाळ चालू आहेत, आणि त्यातून एक लेकरू रांगत चालले आहे. त्याला वाट मिळाली, म्हणजे लोकांनी पाय आखडून घेतले असतील! आणि जनाबाईंनी पांडुरंगाचे जे लेकुरवाळे रूप पाहिले, त्यात हेच गोरोबाकाका देवाच्या मांडीवर बसलेले आहेत. ज्यांच्या हातून मूल सुटले, त्यांनाच देवाने मूल करून घेतले.

कोणी शंका काढील, की मुलांच्या गडबडीने चिंतन मोडते. कीर्तनकाराचा धागा तुटतो. चार दिवसांच्या सप्ताहात म्हाताऱ्या माणसांना दोन शब्द नीट ऐकू यावेत की नाही? शंका खोटी नाही. पूर्वपक्षाला त्याचे माप दिले पाहिजे. पण विचार असा करा, की तुटतो तो धागा कशाने तुटतो. लेकरू कुरकुरते ते भुकेने, झोपेने, थंडीने, आवाजाने, नाहीतर एका जागी दोन तास बसवल्याने. ही पाचही कारणे व्यवस्थेच्या हातातली आहेत. कारण तसेच ठेवून मुलाला बाहेर काढणे म्हणजे दिव्याला वारा लागतो म्हणून दिवाच घराबाहेर ठेवणे झाले.

इंग्लंडात नाटकगृहांनी आणि वाद्यवृंदांनी अलीकडच्या वर्षांत निराळ्या मोकळ्या मैफली सुरू केल्या आहेत. दिवे पुरते मालवीत नाहीत, आवाज बेताचा ठेवतात, प्रेक्षकाला मध्येच उठून जाण्याची व परत येण्याची मुभा असते, मूल बोलले-हलले तर कोणी डोळे वटारीत नाही. आवाज व गर्दी ज्यांना सोसत नाही अशी मुलेही मग येऊ शकतात. आता सांगा, यात आपल्याला नवे काय? कीर्तनात दिवे कधी मालवले? खुर्चीला कोण खिळला होता? टाळी वाजवायची, नाव घ्यायचे, उभे राहायचे, नाचायचे, हे सारे श्रोत्याचेच काम आहे. कीर्तन मुळातच लेकुरवाळे आहे. ते परके झाले असेल तर तीन गोष्टींनी : कर्ण्याच्या आवाजाने, रात्रीच्या उशिराने, आणि पुढच्या रांगेतल्या मानाच्या खुर्च्यांनी. खुर्च्यांवर अधिक लिहीत नाही. ज्यांनी मांडल्या त्यांना ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष स्थळ घेऊन पाहू. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम आहे. शुकदास महाराजांनी १९६५ साली येथे विवेकानंद आश्रम स्थापन केला. महाराजांचा देह २०१७ साली पडला, उत्सव चालू आहे. स्वामी विवेकानंदांची जयंती तिथीने, पौष महिन्यात, तीन दिवस होते. कीर्तने, व्याख्याने असतात आणि शेवटी महाप्रसाद. लाखाच्या घरात माणसे पंगतीला बसतात, आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढीत नेतात. हा उत्सव ज्यांच्या नावाने होतो ते विवेकानंद उत्तम गात, पखवाज वाजवीत, आणि १८८७ साली निघालेल्या 'संगीतकल्पतरू' या गीतसंग्रहाच्या कामात त्यांचा हात होता. अशा उत्सवाला खेड्यापाड्यांतून माणसे येतात ती घरदार घेऊन. बाई एकटी येत नाही. काखेत एक, बोटाला एक, आणि डोक्यावर गाठोडे. एवढ्या मोठ्या मेळ्याला जे लागते तेच गावच्या सप्ताहाला लहान मापाने लागते, म्हणून पुढचे विवेचन दोहोंसाठी समजावे.

पहिली गोष्ट आवाजाची. तीच अधिक नीट समजून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने कानाला लावून ऐकण्याच्या यंत्रांसाठी मुलांची मर्यादा सांगितली आहे ती अशी : ७५ डेसिबल आवाज, आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलने चढला की वेळ निम्मा करायचा. हे गणित पाटीवर करून पाहा. ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच, आणि ९० डेसिबलला सगळ्या आठवड्यात मिळून फक्त सव्वा तास. सप्ताहात रोजचे दोन तास म्हटले तर सात दिवसांचे चौदा होतात! फ्रान्समध्ये २०१७ च्या हुकुमाने मोठ्यांच्या जलशांना १०२ डेसिबलची मर्यादा घातली, पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या कार्यक्रमांना ९४ चीच. लहान मुलाच्या कानाची नळी आखूड व अरुंद असते, म्हणून बारीक, चिरका आवाज त्याच्या पडद्यावर मोठ्या माणसापेक्षा जोराने आदळतो. आपला भोंगा नेमका तसाच आवाज काढतो.

मापायचे यंत्र नसले तरी अडत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते का, ते पाहावे. लागत असेल तर तेथे लेकरू बसवू नये. मोकळ्या मैदानात भोंग्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. म्हणजे पाच हातांवरून दहा हातांवर सरकले तरी पुष्कळ फरक पडतो. पण पुष्कळ गावी मंडप बांधताना पुरुषांची बाजू आधी आखतात आणि उरलेल्या बाजूला, भोंग्याच्या व जनित्राच्या तोंडाशी, बायका बसवतात. ज्यांच्या मांडीवर तान्ही मुले आहेत त्यांनाच सर्वांत मोठा आवाज. मंडपवाल्याला पहिल्या दिवशीच सांगावे, की भोंगा एकाऐवजी चार ठिकाणी लहान लहान लावा, उंच बांधा, आणि बायकांच्या डोक्यावरून वळवा. गजर चढला की टाळ-मृदंगाला यंत्राची गरज उरत नाही. त्या वेळी ध्वनिवाल्याने हात खाली आणावा, वर नेऊ नये.

दुसरी गोष्ट वेळेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. कायदा आणि लेकराची झोप, दोघेही एकच वेळ दाखवतात. हरिपाठ संपला की मध्ये सत्कार, देणगीदारांची नावे, पाहुण्यांची मनोगते येतात आणि सातचे कीर्तन नऊला उभे राहते. तोवर निम्मी मुले झोपेने कलंडलेली असतात. हरिपाठाला लागूनच कीर्तन लावावे, सत्कार मागाहून करावेत. ज्याला सत्काराची गोडी आहे तो थांबेल. काकड्याला तर भोंगा मुळीच नको. पहाटेच्या शांततेत नुसता टाळ किती लांब जातो, ते भोंगा बंद करून एकदा ऐकावे.

बसण्याची सोय. लेकुरवाळ्या बायांना मागे बसवतात, उठायला बरे म्हणून. पण मागे बसलेल्या मुलाला दिसते काय? पुढच्यांच्या पाठी. त्याला पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना दिसू द्या, टाळकऱ्यांच्या रांगा पावली टाकताना दिसू द्या, मग ते अर्धा तास हलत नाही. म्हणून जागा पुढची, पण कडेची असावी, आणि शेजारून हातभर रुंद वाट मोकळी सोडावी. मूल कंटाळले तर आईने उठावे, फिरवून आणावे आणि त्याच जागी परत यावे. कोणी ती जागा बळकावू नये. चोपदाराने एवढे सांभाळले तरी पुष्कळ झाले. पौषाच्या थंडीत सतरंजीखाली ताडपत्री व त्याखाली गवत घालावे. शेकोटी मंडपाच्या कापडापासून दूर, आणि तिच्याजवळ एक जाणता माणूस.

अंगावर पाजण्यासाठी आडोसा पाहिजे. गडावरून तान्ह्यासाठी कडा उतरलेल्या हिरकणीच्या नावाने आता बसस्थानकांवर आणि आषाढीच्या पालखीमार्गावरही कक्ष करतात. सप्ताहात तेवढे जमले नाही तर दोन लुगड्यांचा पडदा, एक दिवा, पिण्याचे पाणी. तो पडदा मात्र कीर्तन ऐकू येईल अशा ठिकाणी असावा, रसोड्यामागे नव्हे. हीच जागा, जरा शांत, आवाज न सोसणाऱ्या मुलालाही उपयोगी पडते. मूल नाठाळ आहे असे न म्हणता त्याला थोडा वेळ तेथे बसू द्यावे. शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा. अंधाराला मुले भितात, आणि रात्री एकटीने जायला बायकाही.

पण या सगळ्या सोयींवर एक सोय आहे, आणि तिला पैसा लागत नाही. बापाने मूल घ्यावे. टाळकरी असेल तर पहिला तास टाळ, दुसरा तास लेकरू. वीणेचा पहारा आपण घड्याळ लावून बदलतो, मग लेकराचा पहारा बदलायला काय हरकत?

प्रसादाचे सांगायचे तर लेकुरवाळ्यांची पंगत आधी बसवावी, आणि वरणभात किंवा बिनतिखटाची भाजी वेगळी काढून ठेवावी. आपल्याकडच्या वांग्याच्या भाजीच्या रश्श्याने मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येते. साखरफुटाण्यांचे मात्र जपून. अख्खे फुटाणे व शेंगदाणे पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनळीत अडकू शकतात, म्हणून डॉक्टर ते देऊ नका म्हणतात. लहानांच्या हातावर चुरमुरे, केळ्याचा तुकडा किंवा शिरा ठेवावा. प्रसाद तो प्रसादच.

गर्दीत मूल चुकते. घरून निघतानाच त्याच्या खिशात आईबापाच्या फोनचा क्रमांक लिहून ठेवावा. मंडपात हरवलेल्या मुलांची एकच जागा असावी, उंच पताकेची, आणि ती पहिल्याच दिवशी सर्वांना दाखवावी. मूल सापडले तर माणसाने त्याला घेऊन आईला शोधत हिंडू नये. त्या पताकेखाली आणून बसवावे आणि तेथे एक बाई सतत असावी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा. घोषणा करायची तर कीर्तनकाराने खुशाल मध्येच थांबावे. एका आईचा जीव ठिकाणावर येईपर्यंत चिंतन थांबले तर पांडुरंग रागावणार नाही.

राहिले कीर्तनकार. मूल रडल्यावर काहीजण टोमणा मारतात, सभा हसते, आणि ती बाई पुन्हा येत नाही. दुसरे असतात, ते मुलाकडे पाहून दृष्टांत बदलतात, चेंडूफळी-हुतूतूवर येतात. नाथांनी, तुकोबांनी मुलांच्या खेळांवर अभंग केले आहेत, ते अशाच वेळी काढायचे. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे पोरे शिकायला जातात, पण टाळाचा ठेका त्यांच्या अंगात आधीच शिरलेला असतो, मंडपात, आईच्या मांडीवर. म्हणून दोन-चार लहान टाळ मंडपात ठेवावेत, बोटे चिमटू नयेत अशा लांब दोरीचे. टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाला पोरांना उभे करावे, मुलींनाही. ठेका चुकेल, चुकू द्यावा. रांग मोठी असते, सावरून घेते.

आणि काल्याच्या दिवशी तरी मोठ्यांनी जरा मागे सरावे. काला हा गोपाळांचा. हंडी फोडताना गावचे पुढारी पुढे असतात, पोरे त्यांच्या पायांतून डोकावतात. दही-लाह्यांचे पातेले आधी पोरांच्या घोळक्यात न्यावे, आणि हंडी इतकी खाली बांधावी की बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाची काठी तिला लागेल.