आत बोट पोचेल असं भांडं

कुळगी, ता. जोयडा
जून महिना

चि. बाय हिस,


तू फोनवर पाठवलेली चित्रं मी चष्मा लावून दोनदा बघितली. चोचीच्या झाकणाचा पेला, नळीचा पेला, तळाला चिकटून बसणारी सिलिकोनची ताटली, हत्तीच्या आकाराची खणाखणांची थाळी आणि खाली अंथरायला फोमची रंगीत चटई. ‘यातलं काय घेऊ? बाळ पुढच्या महिन्यात वर्षाचं होतंय,’ एवढं तू विचारलंस आणि रेंज गेली. पाऊस लागला की कुळगीत असंच. म्हणून पत्र लिहायला बसले. तसंही हे फोनवर उरकण्यासारखं नाही.

पेला-ताटलीवर एवढं काय लिहायचं, असं तुला वाटेल. पण मी सव्वीस वर्षं अंगणवाडीत पोरांपुढे ताटल्या मांडल्यात, आणि त्याच्या कितीतरी आधी, एका भांड्याची गोष्ट ऐकतच लहानाची मोठी झाले. तुझ्या आईने ती तुला सांगितली नसेल. आमच्या घरात ती कुणी मोठ्याने सांगत नसे.

तुझ्या आजीला माझ्याआधी एक मुलगा झाला होता. तेव्हा आमचं घर जुन्या सुप्यात होतं; आता ते गाव काळी नदीच्या धरणाखाली आहे. पहिला मुलगा, म्हणून आजोबांनी घरातलं सगळ्यात देखणं पितळेचं पातेलं त्याच्या दुधासाठी वेगळं काढलं. आजी ते चिंचेने आणि राखेने घासून सोन्यासारखं लखलखीत ठेवायची. कल्हईवाला वर्षातून एकदा यायचा, एखाद्या वर्षी यायचाच नाही. म्हशीचं दूध त्याच पातेल्यात तापायचं आणि रात्रभर त्यातच राहायचं. दीड वर्षाचा होता होता पोराचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. लोक म्हणाले, लिव्हर वाढलं. दृष्ट काढली, मात्रा चाटवल्या. तो राहिला नाही.

पुढे अंगणवाडीच्या कामात असताना एका डॉक्टरबाईंकडून मला पुण्यातल्या संशोधनाची माहिती कळली. लहान मुलांचं यकृत घट्ट होऊन जाणारा हा आजार आपल्या देशात इतका दिसायचा की वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असं पडलं होतं. पुण्याचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या घरी दूध कशात तापतं, कशात ठेवतात, याची चौकशी केली. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात जनावराचं दूध तापवलं, साठवलं की दुधातली प्रथिनं तांबं ओढून घेतात, आणि ते तांबं तान्ह्या मुलाच्या यकृतात साठत जातं. मोठ्या माणसाचं शरीर जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं; तान्ह्याला ते तितकं जमत नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घराघरांतून पितळ गेलं, स्टील आलं, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

माझ्या भावाला तेच झालं होतं असं मी म्हणत नाही. तेव्हा तपासायला कुणी नव्हतं. पण हे कळल्यावर आजीला सांगायचं धाडस मला झालं नाही. तिने ते पातेलं शेवटपर्यंत माळ्यावर जपून ठेवलं होतं. त्याच्यासाठी घरातलं सगळ्यात चांगलं म्हणून तेच निवडलं होतं ना.

म्हणून तुला सांगते, बाळाचं भांडं पहिल्यांदा आतून बघ. बाहेरचा हत्ती मग. जे भांडं तुला तळापर्यंत दिसतं, ज्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तुझं बोट पोचतं आणि जे उकळत्या पाण्यात टाकलं तरी जसंच्या तसं राहतं, ते घे. या कसोटीला तुझ्या यादीतल्या निम्म्या वस्तू उतरणार नाहीत.

चोचीचा पेला घेऊ नकोस. सांडू नये म्हणून त्याच्या झाकणात रबराची झडप बसवलेली असते. त्यातून दूध येण्यासाठी मुलाला बाटलीसारखंच ओढावं लागतं, म्हणजे पेल्याने प्यायला ते शिकतच नाही. शिवाय असा पेला हातात घेऊन पोर घरभर फिरतं, घोट घोट गोड दूध दातांवर राहतं, आणि पुढचे दात किडतात. त्या झडपेच्या पोटात काय साचतं ते बाहेरून कळत नाही. २०१६ साली अमेरिकेत एका कंपनीला झडपेत बुरशी धरते म्हणून ३१ लाख पेले परत मागवावे लागले. इथे आमच्याकडे तर मृगापासून दसऱ्यापर्यंत चामड्याच्या चपलेवरसुद्धा बुरशी येते. तुझ्या पुण्यात हवा कोरडी असली तरी दुधाचा थेंब दडायला तेवढी फट पुरते. नळीच्या पेल्याची तऱ्हा त्याहून जरा बरी. प्रवासात लागला तर ठेव, पण नळीत घालायचा बारीक ब्रश सोबत असेल तरच.

आणि बाटली तर आता सोडवच. वर्षाच्या पुढे ती जितकी राहील तितकी सोडवायला जड जाते. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे. बाटल्यांची आणि तान्ह्यांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायलाच त्याने मनाई केली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी पॉलिप्रोपिलीनच्या बाटल्यांत गरम पाणी घालून दूध कालवून पाहिलं, तर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले. ते शरीरात जाऊन काय करतात यावर अजून अभ्यास चालू आहेत. पण कढत दूध प्लॅस्टिकात ओतायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

मग प्यायला काय? आपलं फुलपात्र. तेच, देवघरातल्या पळीशेजारी असतं तसं, पण स्टीलचं आणि लहान. त्याची कड बाहेर वळलेली असते, म्हणून ती बाळाच्या खालच्या ओठावर नीट टेकते आणि ओठ तिला धरतात. विकत घेताना कडेवरून बोट फिरव. धार लागली तर दुकानातच ठेवून ये. आत दोन घोटच दूध घाल. कड खालच्या ओठाला लाव, किंचित कलती कर आणि थांब. घोट त्याने ओढायचा, तू ओतायचा नाही. आपल्याकडे पूर्वी बोंडल्याने दूध पाजत. माझ्या आजीने मलाही तसंच पाजलं असेल. पण बोंडल्याची चोच गालात धरून भरभर ओतलं की ठसका लागतो, दूध श्वासनळीत जातं. मुदतीआधी जन्मलेल्या अशक्त बाळाला दवाखान्यात नर्सबाई अशाच चोचीच्या भांड्याने पाजतात, पण त्या शिकलेल्या असतात आणि थेंबाथेंबाने पाजतात. तुझं बाळ बसतं, हात पुढे करतं. त्याला फुलपात्र दे.

पहिले आठ-दहा दिवस निम्मं अंगावर जाईल. जाऊ दे. कर्नाटकात २०१३ मध्ये क्षीरभाग्य योजना आली आणि आमच्या अंगणवाडीतली पोरं दूध प्यायला लागली, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी रोज फरशी पुसत होते. महिन्याभरात तीन वर्षांची पोरं दोन्ही हातांनी स्टीलचा पेला धरून, न सांडता पिऊन, रिकामा पेला मला उलटा करून दाखवायची.

ताटलीचं म्हणशील तर खालून चिकटणारी ताटली गुळगुळीत फरशीवरच चिकटते. पाटावर, शहाबादी फरशीवर ती सुटते. तुझ्याकडे टेबल आहे, तर घ्यायची असल्यास घे. सिलिकोन उष्णतेला चांगलं टिकतं. पण ते तेलाचा आणि साबणाचा वास धरून ठेवतं, म्हणून आठवड्यातून एकदा उकळून घे आणि चिकटायची खालची वाटी उलटून रोज घास. मेलामाइनची चित्रांची थाळी मात्र नको. ती मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बनते. कढत आणि आंबट अन्नात त्यांचा अंश उतरतो. मायक्रोवेव्हमध्ये तर ती कधीच घालायची नाही. आपल्या जेवणात आंबट काय कमी आहे? सोलकढी, चिंचेचं सार, टोमॅटोची आमटी, सगळंच. तुझ्या नवऱ्याला ती हत्तीची थाळी फार आवडलीय हे मला कळलं. ती खेळण्यात ठेवा, मुलगा तिच्यात वाळके पावटे भरून बसेल. पावटे मात्र तोंडात जाऊ देऊ नका.

इथे शिरसी-यल्लापूरकडून पोफळीच्या विरीच्या ताटल्या येतात, बाजारात पर्यावरणाच्या नावाने चांगल्या खपतात. झाडाची वस्तू म्हणून मीही त्या वापरायचे. पण २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या अन्नासाठी सुरक्षित मानता येत नाहीत असं कळवलं, कारण सुपारीतली अल्कलॉइडं अन्नात उतरू शकतात. मी लगेच बाळांसाठी त्या बंद केल्या. केळीचं पान आहे ना. ते पुसून, गरम पाण्याने धुऊन घे, वर मऊ भात वाढ. पोर ते फाडेल, आणि फाडू दे.

चांदीची वाटी उष्टावणाला मामाने आणली होती, ती वापर. नुसती शोकेसमध्ये ठेवू नकोस. पण खरी चांदी आहे याची खात्री सराफाकडे करून घे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावाला नसते. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं असतं. पितळेची हौस असेल तर ताजी कल्हई कर, कथील चांगलं आहे याची खात्री घे, आणि त्यात दूध किंवा आंबट ठेवू नकोस. बाळाच्या बाबतीत मी पितळ नकोच म्हणेन. तुला कारण कळलंय.

एक वेगळी वाटी मात्र हवीच, आणि ही गोष्ट मी प्रत्येक आईला सांगत आले. मोठ्यांच्या ताटातून घास घास भरवलं की बाळ किती जेवलं ते कळत नाही. त्याची स्वतःची वाटी असली की दिसतं. वर्षाच्या आत साधारण १२५ मिलिलिटरची अर्धी वाटी एका वेळी पुरते. वर्षानंतर हळूहळू पाऊण, मग पूर्ण २५० मिलिलिटर. दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मधे एखाद-दोन वेळा थोडं काही. आईचं दूध त्याबरोबर दोन वर्षं आणि पुढेही. वाटीत उरलं तर उरू दे, दाबून भरवू नकोस. तो तोंड फिरवतो तेव्हा त्याचं ऐक.

इथल्या कुणबी बायका कोन नावाचा कंद उकडून, हाताने मळून बाळाला तळहातावरूनच देतात. ते बघून मला नेहमी वाटतं, पहिली ताटली आईचा तळहात. मात्र कंद पूर्ण शिजलेला हवा, नाहीतर घसा खाजतो. तुझ्याकडे कोन मिळत नसेल, तर रताळं घे. लांबट फोडी करून दे, त्याला मुठीत धरता येतील अशा.

आता चटई. फोमच्या चटईच्या सांध्यांत भाताचं शीत जाऊन बसतं आणि ती आतून कधीच वाळत नाही. वर्तमानपत्रही अंथरू नकोस. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून २०१६ मध्ये खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असं आपल्याच एफएसएसएआयने सांगितलं होतं. जमिनीवर पडलेलं शीत बाळ उचलून तोंडात घालणारच. जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी कर, कडेने धावदोरा घाल. रोज धू, उन्हात वाळव. दोन असल्या की एक धुवायला जाते. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका जुन्या कापडाच्या कवंद्या, म्हणजे गोधड्या, शिवतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाचं त्रिकोणी फूल लावतात. तसं एक फूल कोपऱ्यावर लाव. बाळ ते बघून शांत बसेल असं नाही, पण आपली जागा ओळखेल.

जागा ठरलेली असू दे. टेबलाची उंच खुर्ची असेल तर पाय टेकायला काही हवं, लोंबकळते नकोत. जमिनीवर असेल तर पाठ भिंतीला. आणि तुम्ही दोघंही त्याच वेळी, त्याच्यासमोर जेवायला बसा. आमच्या अंगणवाडीत जो पोरगा कधी खात नसे, तो दुसऱ्या चौघांबरोबर पंगतीत बसला की खायचा. मोबाइल समोर लावून भरवलेला घास त्याला कळत नाही, तो फक्त आत जातो. एवढं मी तुझ्याकडून मागून घेते आहे.

दांडेलीच्या बाजारातून दोन लहान फुलपात्रं आणि एक काठाची ताटली घेऊन ठेवली आहे. कडा मी बोट फिरवून बघितल्या. तुझ्या आईचं एक जुनं इरकली लुगडं माझ्याकडे आहे, त्याच्या दोन घड्या शिवून होत आल्या. पाऊस थोडा ओसरला आणि बस वेळेवर सुटायला लागल्या की कुणाबरोबर तरी पाठवीन. तोवर स्टीलची साधी वाटी वापर. पहिल्यांदा त्याने स्वतः घोट घेतला की मला फोन कर. रेंज नसेल तर शेजारच्या घरी निरोप ठेव.

तुझी,
मावशी