बांधावरचा माका : आधी ओळख, मग लागवड

मृगाचा पाऊस स्थिरावला की भातखाचरांचे बांध, पाटाच्या कडा आणि विहिरीजवळची ओल माक्याने भरू लागते. खुरपणीत आपण तो उपटून फेकतो. भाताला आणि उसाला तो तणच, त्यात वाद नाही. पण हाच माका केशतेलात लागतो, आयुर्वेदात यकृताच्या औषधांत लागतो, आणि भाद्रपदात गणपतीच्या एकवीस पत्रींत व त्यानंतर पितृपक्षातही त्याला मागणी असते. शेतात पाणी धरून राहणारा, दुसरे पीक धड न येणारा चार-पाच गुंठ्यांचा तुकडा असेल, तर तो यंदा माक्याला द्यावा. एकरभर लावायची घाई मात्र नको.

माका सूर्यफुलाच्या कुळातला. या कुळातली बरीच झाडे एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे सगळ्यात जास्त चुका ओळखीत होतात. माक्याची पाने समोरासमोर, लांबट, टोकदार आणि जवळजवळ बिनदेठाची असतात. बोट फिरवले की बारीक केसांमुळे खरखरीत लागतात. खोड बहुधा तांबूस असते आणि जमिनीला टेकले की पेऱ्यापाशी मुळे फुटतात. फूल पांढरे आणि नखाएवढे. त्याच्या कडेच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक असतात आणि मधला भागही पांढुरकाच असतो. पाकळ्या गळाल्या की हिरवी चपटी चकती उरते. ती उकलून पाहा. सूर्यफुलाच्या तबकडीसारखे दाणे आत दाटीने बसलेले दिसतात.

शंका राहिलीच तर चार पाने तळहातावर चुरडा आणि थोडा वेळ थांबा. माक्याचा रस हवेत काळा पडतो आणि बोटांवरचा डाग लवकर जात नाही. पूर्वी गोंदणाऱ्या बाया हाच रस वापरत.

माक्याच्या नावाने सर्रास गोळा होते ती एकदांडी. तिचे फूल वीतभर उंच, एकट्या दांडीवर येते, मध्यभागी पिवळे असते आणि पाकळ्यांच्या टोकाला खाचा असतात. पानेही दातेरी. शिवाय ती कोरड्या, मुरमाड जागीही वाढते, तर माक्याला ओल हवी. पिवळ्या फुलांचा माका ही वेगळीच वनस्पती आहे. बागेत लावतात ती पसरणारी पिवळ्या फुलांची वेल त्याच्याही जागी खपवली जाते. मालात यातले काही मिसळले तर खरेदीदार सगळी गोणी परत करतो, आणि ते योग्यच आहे.

बी विकत घ्यायची गरज नाही. तपकिरी पडलेल्या चकत्या खुडून कागदावर वाळवा, बी आपोआप सुटते. ते फार बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीत खोल गाडू नका. गादीवाफ्यावर बारीक वाळूत मिसळून फेका, हाताने हलके दाबा आणि झारीने पाणी द्या. पाऊस जोराचा असेल तर वर शेडनेट धरा, नाहीतर बी वाहून जाईल. रोपे बोटभर उंचीची झाली की वीतभर अंतरावर लावा. उशीर झाला असेल तर मुळे फुटलेल्या पेऱ्यांचे तुकडे थेट लावले तरी जगतात. गुंठ्याला क्विंटलभर कुजलेले शेणखत पुरते. औषधी माल असल्याने तणनाशक आणि कीटकनाशक यांपासून हा तुकडा दूर ठेवा. सुरुवातीच्या दोन खुरपण्या हातानेच करा.

पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी, फुले भरात असताना येते. जमिनीपासून चार बोटे राखून विळ्याने कापा, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. बी झडेपर्यंत थांबलात तर पुढच्या हंगामात शेजारच्या पिकात माकाच माका होईल.

पहिली कापणी भाद्रपदाच्या सुमारास येते. ती ताजी, जुड्या बांधून पत्रीच्या बाजारात द्यावी. त्या दमट हवेत माका वाळत नाही, बुरशी धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. दुसरी कापणी ऑक्टोबरात येते. तो माल औषधासाठी वाळवा. धुऊन, पाणी निथळून, सावलीत ताडपत्रीवर पातळ पसरा आणि रोज उलथा. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की कोरड्या गोणपाटात भरा.

गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेला माका कितीही हिरवागार दिसला तरी घेऊ नका. ही वनस्पती मातीतले जड धातू शोषून घेते आणि ते थेट औषधात उतरतात. फवारलेल्या शेताच्या बांधावरचाही नको.

आणि रोपे टाकण्याआधी एक काम करा. फुलांसकट उपटलेले एक झाड घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आयुर्वेद महाविद्यालयात ओळख पक्की करून घ्या. तेच झाड औषध कारखान्याच्या खरेदीदाराला दाखवा, आणि सुका माल कोणत्या भावाने व किती घेणार हे लेखी घ्या. त्याने जेवढा सांगितला तेवढाच लावा.