न सांगितलेले निदान

मुलीला सोळावे सरले तरी न्हाण आले नाही, म्हणजे घरात कुजबूज सुरू होते. आधी नवस, मग काढे, मग डॉक्टर. बहुधा कारण साधेच निघते. परंतु थोड्या मुलींच्या बाबतीत असे आढळते की, गर्भावस्थेतच त्यांच्या लिंगविकासाची वाट काहीशी वेगळी झाली होती. अशा स्त्रियांच्या देहाविषयी वैद्यकग्रंथांत पुष्कळ लिहिलेले आहे. त्यांच्या मनाविषयी आम्ही येथे थोडे लिहीत आहोत.

यात प्रकार अनेक. टर्नर लक्षणसमूहात एक एक्स गुणसूत्र पूर्णतः वा अंशतः नसते. उंची खुंटते व अंडाशय सहसा काम करीत नाहीत. दुसऱ्या एका प्रकारात अंडाशय उत्तम, पण गर्भाशयच घडलेले नसते. सुमारे पाच हजार मुलींत एक, असे त्याचे प्रमाण आहे. तिसऱ्याचा विचार जरा विस्ताराने करतो, कारण लपवाछपवी तेथे फार झाली.

या प्रकारात गुणसूत्रे एक्स-वाय, शरीरात वृषणग्रंथी. परंतु त्यांच्या पुरुषी संप्रेरकाला पेशी दादच देत नाहीत. म्हणून बाळ मुलगी म्हणून जन्मते, वयात आल्यावर बांधाही स्त्रीचाच होतो. पाळी तेवढी येत नाही. अमेरिकेत जॉन मॉरिस यांनी १९५३ साली याचे वर्णन केले. पुढे कित्येक दशके पाश्चात्त्य डॉक्टरांचा परिपाठ असा की, मुलीला खरे सांगू नये. ‘अंडाशयात दोष होता, काढून टाकले’ एवढेच सांगावे. हेतू दयेचाच होता. पण मुली मोठ्या झाल्या, ग्रंथालयात वैद्यकाची पुस्तके चाळू लागल्या, आणि आपले निदान त्यांनी एकटीने वाचले. त्या धक्क्यात देहाचा वाटा थोडा. आईबापांनी व डॉक्टरांनी मिळून आपल्याला फसविले, हा सल मोठा. ज्याविषयी घरात कोणी बोलत नाही ते लाजिरवाणेच असणार, असा मुलीच्या मनाचा सरळ हिशेब असतो.

शिकागो येथे २००५ साली तज्ज्ञ जमले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निवेदनाने मानसोपचाराला उपचारातच स्थान दिले, आणि वयानुरूप टप्प्याटप्प्याने खरे सांगावे असे म्हटले. आमच्या मते ते फार पूर्वीच व्हावयास हवे होते.

सांगावे कसे? लहानपणी, ‘तुझ्या पोटात बाळाची पिशवी नाही, बाकी तू धडधाकट आहेस’ एवढे पुरे. पुढचे ती विचारील तसतसे. ‘अर्धा पुरुष’ हा शब्द चेष्टेतही नको. तो खोटाही आहे. तपासणीच्या वेळी विद्यार्थ्यांचा घोळका तिच्या संमतीवाचून खोलीत येऊ देऊ नये. तिसऱ्या प्रकारात वयात येण्यापूर्वी ग्रंथींत कर्करोगाचा धोका अल्प असतो. तेव्हा शस्त्रक्रियेची घाई न करता तिचे मत घेता येते. ग्रंथी काढल्यास हाडांसाठी संप्रेरकाची गोळी दीर्घकाळ चालू ठेवावी लागते, हेही तिला आधी कळले पाहिजे.

आपल्याकडे खरी कसोटी स्थळे येऊ लागली की लागते. ‘कळू देऊ नका, लग्नानंतर पाहू’ हा सल्ला देणाऱ्या मावश्या-काकू प्रत्येक घरी असतात! लग्न करावे की नाही, आणि नियोजित पतीशी केव्हा व कोणत्या शब्दांत बोलावे, हे तिने ठरवावे. बोलणे मात्र अक्षता पडण्यापूर्वी व्हावे.

मुलीची झोप उडाली, जेवण तुटले, मैत्रिणीच्या डोहाळेजेवणाला जाणे ती टाळू लागली, तर ‘होईल बरी’ म्हणून थांबू नये. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही चालू असते.